आयईएममध्ये झर्र आवाज, एचडी ८०० एस मात्र शांत: पॉवर कंडिशनर घ्यावा का?

मंद्रसप्तक:
जोडणी अशी आहे. लॅपटॉपमधून यूएसबीने डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनलॉग करणारी पेटी), तिथून अर्ध्या मीटरच्या आरसीए केबलने हेडफोन अँप. अँपला टोरॉइडल (गोल कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आहे आणि प्लग अर्थच्या पिनचा. डॅकला १२ व्होल्टचा दोन पिनांचा अॅडॉप्टर आहे, लॅपटॉपचा चार्जरही दोन पिनांचाच.

एचडी ८०० एस (सेनहायझरचा मोठा हेडफोन) लावला की पूर्ण शांतता. संवेदनशील आयईएम (कानात घालायचे इयरफोन) लावले की बारीक झर्र ऐकू येतं, आणि व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ते तेवढंच राहतं. चार्जर काढला की कमी होतं, पण जात नाही. शिवाय रात्री कधीकधी अँपची पेटीच घूं करते, हेडफोन जोडलेला नसतानासुद्धा.

पॉवर कंडिशनर (मेन्सची, म्हणजे भिंतीतली वीज गाळणारी पेटी) घेऊ, की डॅकसाठी लिनिअर (स्विचिंग नसलेला, साध्या ट्रान्सफॉर्मरचा) पॉवर सप्लाय? की दोन्ही?

रोधक:
सध्या काहीच घेऊ नका. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आधी झर्र बघू.

अँप चालू ठेवून आयईएम कानातून काढा आणि आरसीएच्या दोन्ही पिना अँपच्या बाजूने उपसा. मग आयईएम घालून ऐका. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येणारा आवाज अँपच्या सप्लायमधूनच येतो, असं धरून चालतात आणि इथेच फसतात. आरसीए काढल्यावर आवाज गेला तर सप्लाय निर्दोष आहे. गेला नाही तर अँप आणि डॅक एकमेकांवर रचलेत का ते बघा. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या सर्किटमध्ये शिरतं, पण त्याचा आवाज झर्र नसतो, खालच्या पट्टीतला सरळ हम असतो. दोन पेट्यांत फूटभर अंतर ठेवलं की तो सहसा जातो.

माझा अंदाज: आरसीए काढताच तुमच्याकडे शांतता होईल. कारण सांगतो. दोन पिनांच्या बहुतेक स्विचिंग अॅडॉप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक वाय कपॅसिटर (नॉइज दाबायला टाकलेला छोटा कपॅसिटर) असतो. २.२ नॅनोफॅरडचा धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून सुमारे १६० मायक्रोअँपिअर गळतात. या करंटला अर्थ गाठायचा असतो आणि तुमच्या जोडणीत अर्थ फक्त अँपला आहे. म्हणून तो आरसीएच्या शील्डमधून अँपमध्ये शिरतो आणि आतल्या ग्राउंडच्या पट्टीवरून पेटीला पोचतो. त्या पट्टीचा रोध ५० मिलिओहम धरा: ८ मायक्रोव्होल्ट. अँपचा गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) ४ पट असेल तर आउटपुटला ३२. हा आवाज व्हॉल्यूमच्या नॉबनंतर मिसळतो, म्हणून नॉबला दाद देत नाही.

१ व्होल्टला १२० डेसिबेल देणाऱ्या आयईएमवर ३२ मायक्रोव्होल्ट म्हणजे साधारण ३० डेसिबेल. एचडी ८०० एस १ व्होल्टला १०२ देतो, तिथे तेच १२ डेसिबेल होतात आणि खोलीच्या आवाजात बुडतात. आता निव्वळ ५० हर्ट्झ ऐकू यायला चाळीसच्या वर डेसिबेल लागतात, मग ३० ऐकू कसे येतात? कपॅसिटर वरच्या फ्रीक्वेन्सी जास्त सहज सोडतो. १ किलोहर्ट्झला तेवढ्याच व्होल्टेजला २० पट करंट जातो, आणि कान तिथे तीक्ष्ण असतो. म्हणून तुम्हाला घूं न येता झर्र येतं.

उपाय एका वायरचा आहे. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, जेमतेम अर्ध्या मीटरची. एक टोक डॅकच्या पेटीच्या स्क्रूला लावा. पेटीला रंग असेल तर स्क्रूखालचा रंग खरवडा, नाहीतर जोड लागतच नाही. पेटी प्लास्टिकची असेल तर रिकाम्या कोअॅक्सिअल सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला जोडा. दुसरं टोक अँपच्या पेटीच्या बाहेरच्या स्क्रूला. जोड धरून १० मिलिओहमच्या आत राहिलात तर बहुतेक करंट वायरमधून जाईल आणि झर्र सुमारे २० डेसिबेलने खाली येईल.

एक गोष्ट कधीही करू नका: अँपच्या प्लगची अर्थ पिन टेपने झाकणं किंवा काढणं. आवाज जाईल, पण आत इन्सुलेशन फुटलं तर पेटीवर पूर्ण मेन्स येईल, आणि हेडफोनची वायर तुमच्या डोक्याला लागलेली असेल.

शून्यपातळी:
रोधक यांच्याशी सहमत. फक्त लिनिअर सप्लायबद्दल लिहितो, कारण लोक तो रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) कमी व्हावा म्हणून घेतात आणि निराश होतात. डॅकच्या आत १२ व्होल्टवरून पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर असतातच. एलटी३०४५ सारख्या रेग्युलेटरचा स्वतःचा नॉइज १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झमध्ये ०.८ मायक्रोव्होल्ट आहे. बाहेरचा सप्लाय थोडा स्वच्छ झाल्याने तिथे फार फरक पडत नाही. खरा फायदा गळती कमी झाल्याचा, आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या जातीवर ठरतो. टोरॉइडमध्ये सेकंडरी प्रायमरीवरच गुंडाळलेली असते, त्यामुळे मधला कपॅसिटन्स जास्त. स्प्लिट बॉबिनच्या ईआय ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही गुंडाळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, म्हणून गळती कमी. घ्यायचाच असेल तर हा घ्या.

सप्लायच्या प्लगची पिन नीट बघा. बाहेरचा/आतला व्यास ५.५/२.१ आणि ५.५/२.५ मिलिमीटर असलेल्या पिना दिसायला सारख्याच. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये सैल बसतो आणि डॅक मध्येच रीस्टार्ट होतो. मधल्या पिनची पोलॅरिटी मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका.

लॅपटॉपकडून येणाऱ्या गळतीची वाट तोडायची असेल तर ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल) सर्वात सोपं, २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त वापरा. यूएसबी आयसोलेटर (यूएसबीतला विजेचा थेट जोड तोडणारी पेटी) घेताना आतली चिप विचारा: एडीयूएम४१६० फक्त १२ मेगाबिटची आहे, हाय-स्पीडवर चालणारे डॅक तिच्यावर एकतर खालच्या सॅम्पल रेटवर येतात किंवा ओळखलेच जात नाहीत. आणि काहीही केलंत तरी डॅकच्या स्वतःच्या अॅडॉप्टरची गळती उरतेच. चार्जर काढल्यावर तुमचा आवाज पूर्ण गेला नाही, तो यामुळे.

मंद्रसप्तक:
आरसीए काढल्यावर पूर्ण शांत. केबल काढलेली असतानाच डॅकचं ग्राउंड आणि अँपची पेटी यांच्यामध्ये मीटर लावला तर एसी ९४ व्होल्ट दाखवले! करंटच्या रेंजवर ०.१९ मिलिअँपिअर, चार्जर काढल्यावर ०.०७. वायर जोडली, झर्र जवळजवळ गेलं. दोन्ही चार्जर एकाच बोर्डवर आहेत. डॅकचा प्लग उलटा फिरवून बघण्यात अर्थ आहे का?

रोधक:
९४ व्होल्टला घाबरू नका. मीटरचा १० मेगाओहम रोध आणि पिकोफॅरड-नॅनोफॅरडच्या वाटा यांतून आलेला तो आकडा आहे, मागे ताकद नाही. खरा आकडा ०.१९ मिलिअँपिअर. प्लग जरूर फिरवा. वाय कपॅसिटर लाइनच्या बाजूला आहे की न्यूट्रलच्या, यावर गळती बदलते. करंट मोजतच फिरवा आणि कमी येईल ती बाजू ठेवून प्लगवर खूण करा. मोजून झालं की मीटरची लाल पिन करंटच्या सॉकेटमधून काढून ठेवा, तशीच राहिली आणि पुढे व्होल्टेज मोजायला गेलात तर फ्यूज जातो.

तांबेवळण:
रात्रीच्या घूंबद्दल. हेडफोन नसताना पेटी वाजते म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोअर हलतोय, बहुधा मेन्सवरच्या डीसीमुळे. टोरॉइडच्या कोअरला फट नसते, त्यामुळे काहीशे मिलिव्होल्ट डीसीलाही तो एका बाजूने सॅच्युरेट होतो (त्याची चुंबकीय क्षमता संपते). डायोड टाकून अर्धी सायकल कापणारी उपकरणं हे डीसी टाकतात: अर्ध्या पॉवरवर चालणारा हेअर ड्रायर, हीट गन. आवाज येतो-जातो तेव्हा काय चालू असतं ते नोंदवा.

कंडिशनरवर पैसे घालायच्या आधी हे बघा की त्यात डीसी ब्लॉकर आहे का. नुसत्या फिल्टर आणि सर्ज प्रोटेक्शनच्या पेटीतून डीसी सरळ पार जातो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर डीसी थांबवतो, पण तो स्वतः टोरॉइड असेल तर घूं फक्त पेटी बदलते. ऑनलाइन यूपीएस साइन वेव्ह नव्याने बनवतो, डीसी जातं, मात्र पंख्याचा आवाज येतो.

ब्लॉकर म्हणजे उलटसुलट जोडलेले दोन १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, समांतर एक डायोड ब्रिज ज्याचे प्लस-मायनस शॉर्ट केलेले. एकत्र ५,००० मायक्रोफॅरडचा ५० हर्ट्झला रोध ०.६४ ओहम. हेडफोन अँप ०.२ अँपिअर ओढत असेल तर त्यावर ०.१३ व्होल्टच पडतो. पॉवर चालू होतानाचा झटका डायोड झेलतात, म्हणून ब्रिज २५ अँपिअरपेक्षा लहान नको. हे सगळं मेन्सवर बसतं. मेन्सचं काम येत नसेल तर तयार ब्लॉकर घ्या, अर्थची वायर त्यातून न तोडता सरळ पुढे जाते याची खात्री करून.