मदत हवी आहे: वाळूवरच्या सौरमालेत आदित्य-एल१ (सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं यान) कसा दाखवावा?

गुहागरच्या किनाऱ्यावर सातवीच्या मुलांसाठी ओहोटीच्या वेळी सौरमाला मांडतोय. प्रमाण १ मीटर = १५ लाख किमी. सूर्य साधारण ९३ सेंमीचा, १०० मीटरवर वाटाण्याएवढी पृथ्वी, नेपच्यून ३ किमीवर. नासाचं पार्कर यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवर गेलं होतं, म्हणजे इथे जेमतेम ४ मीटर! मुलं हरखतात.

अडलंय ते आदित्यपाशी. तो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला फक्त १ मीटरवर येतो. एल१ (सूर्य-पृथ्वीच्या रेषेवरचा एक रिकामा बिंदू) भोवतीची त्याची एक फेरी सुमारे १७८ दिवसांची, हे दाखवायला काठीवर तारेचं कडं लावलं. पण मुलांना वाटतं मधली काठीच त्याला खेचते. दोऱ्याला मणी टांगून पाहिला, तर वाऱ्याने भरकटतो. आकृती काढून झाली, सूर्य-पृथ्वीची एकत्रित ओढ तोंडी सांगूनही झाली, कडं पाहिलं की पुन्हा तोच प्रश्न, "मध्ये काय आहे?"

किनाऱ्यावर वीज नाही, वारा भरपूर, मुलं चाळीस, हातात दोनेक तास. व्हिडिओ नको, हाताने करता येईल असं हवंय. यान एका रिकाम्या बिंदूभोवती फिरतं, हे मुलांना पटेल असं काय करता येईल?