मदत हवी आहे: कारवानी कुत्रीला कच्चं चिकन द्यावं का?

नमस्कार मंडळी. औशाजवळ शेतावर आमची कारवानी कुत्री आहे, राणी. वजन 22 किलो. दूध-भाकरी, अंडं आणि अधूनमधून शिजवलेलं चिकन, यावर वाढलेली. आता पुण्याचा भाऊ म्हणतो, सगळं कच्चंच दे, वजनाच्या 2 ते 3 टक्के. म्हणजे रोज अर्धा किलो तरी आलं.

शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या होतात, ते आम्ही देतच नाही. नुसतं मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडतं, हेही माहीत आहे. मला खरी धास्ती आहे ती उन्हाळ्याची. पारा 42 वर, त्यात लाईट कधी जाईल नेम नाही. कच्च्या चिकनमधला साल्मोनेला हा जंतू तर गोठवूनही मरत नाही, आणि राणी खाणं संपलं की पहिली पळते ती माझ्या लेकीचं तोंड चाटायला! घरात लहान लेकरू असताना हे करावं का?

लातूर-उदगीरकडे कुणी कच्चं देतंय का? कोंबडीच्या माना आणून किती वेळात खाऊ घालता? की शिजवलेलंच बरं? मग कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड किती घालायची? उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात कुणी विचारलं असेल तर नक्की सांगा.