काथ्यानं शिवलेली 18 फुटी होडी: लाकूड, टाके आणि गळती

उलांडी_18: मालवण पट्ट्यात गावातर्फे जुन्या पद्धतीची, बिनखिळ्याची होडी बांधायची आहे. लांबी 18 फूट, एका बाजूला उलांडी (तोल राखायला बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका). लाकूड कुठलं आणि किती? टाके किती अंतरावर? शिवलेली होडी गळणार नाही ना?

रंधा_पटाशी: परवडला तर साग. आंबा स्वस्त, पण तेलपाण्यात हयगय झाली की कुजतो. घेर (एका काठापासून तळाखालून दुसऱ्या काठापर्यंत) सरासरी 5 फूट आणि फळी 1 इंच धरली तर साडेसात घनफूट होतं. तासण्यात जातं ते धरून 12 घ्या. वांक, म्हणजे फळ्यांना आतून आधार देणाऱ्या वाकड्या फासळ्या, वेगळे. ते फणसाच्या निसर्गतःच वाकड्या असलेल्या फांद्यांतून काढा. सरळ ओंडक्यातून वाकडा कापलात तर लाकडाची रेषा मध्येच तुटते आणि वांक तिथेच मोडतो. ओली फळी शिवू नका. ती आक्रसली की टाके सैल पडतात.

आणि हो, स्वतःच्या परड्यातला आंबा, फणस किंवा साग असला तरी तोडायला परवानगी लागते, 1964 चा कायदा आहे.

सुंभदोर: नौदलाचं शिवलेलं शिडाचं जहाज ‘कौंडिन्य’ पोरबंदरहून मस्कतला गेल्यापासून शिवायची हौस सगळ्यांना आलीय, पण आधी भोकं मोजा. 2 इंचांवर टाका म्हणजे 18 फुटांच्या एका सांध्याला दोन्ही काठांची मिळून 216 भोकं. असे आठ-दहा सांधे! भोक काठापासून इंचभर आत हवं, नाहीतर दोर ओढताना काठ फुटतो. सांध्यावर आतून काथ्याची वळी ठेवून तिच्यावरून दोर घ्या. एक माणूस आत, एक बाहेर. दांडक्यानं ताणला की लगेच भोकात खुंटी ठोका, नाहीतर पुढच्या टाक्यापर्यंत मागचा ढिला. बाहेरून दोरासाठी खाच पाडा. उघडा दोर वाळूवर घासून तुटतो.

रंधा_पटाशी: भोकं काथ्या आणि राळेनं बुजवा. राळ तेलात कढवलीत की थेंब गार पाण्यात टाकून वाकवा. कट्कन मोडला तर तेल वाढवा, बोटाला चिकटला तर राळ.

सुंभदोर: गळतीचं म्हणाल तर पहिले दोन दिवस पाझरणारच. उथळ पाण्यात बांधून ठेवा, फळ्या फुगल्या की सांधे मिटतात. उन्हात महिनाभर कोरडी ठेवलीत तर पुन्हा उघडतात. पावसाळ्यात झापांखाली (माडाच्या विणलेल्या झावळ्यांखाली), उपडी. आत साचलेलं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट, काथ्या आणि लाकूड दोन्ही कुजवतं. दर काही वर्षांनी टाके नव्यानं घालावे लागतील, तो खर्च आत्ताच धरा.