बोगदा झाला, घाट मोकळा झाला: डोंगरावरच्या जुन्या रस्त्यांचे सायकल-अनुभव लिहा

उंच खिंडीतला शांत रस्ता सायकलसाठी कुठे मिळेल, असं कुणी विचारलं की मी एकच सांगतो: आधी नकाशावर बोगदा शोधा. डोंगराच्या पोटातून बोगदा गेला की ट्रक, बस, घाईतल्या गाड्या खालून निघून जातात आणि वरचा जुना रस्ता जागच्या जागी राहतो. चढ तोच, वळणं तीच, फक्त पाठीमागे हॉर्न नाही. पण वाहतूक गेली की चहाच्या टपऱ्याही उठतात, डांबर उखडतं, दरड पडली तर ती उचलायची कुणाला घाई नसते. असे रस्ते तुम्ही चढला असाल तर इथे लिहा. कोणत्या बाजूने चढलात, पाणी कुठे मिळालं, रस्त्याची अवस्था काय होती हे जरूर सांगा. वेग आणि वेळेचे आकडे नसले तरी चालतील. सुरुवात मी करतो.

रोहतांग

अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला, लांबी 9.02 किलोमीटर. त्याआधी लाहौलला आणि मनालीहून लेहला जाणारं सगळं काही रोहतांगवरूनच जायचं: डिझेलचे टँकर, लष्कराचे ताफे, टॅक्सी, बटाट्याचे ट्रक. मढीच्या वर एकदा कोंडी झाली की सायकलवाल्यालाही धुरात उभं राहावं लागे. आता तो सगळा ओघ सोलांगच्या बाजूने बोगद्यात शिरतो. रोहतांगच्या माथ्यावर पर्यटकांच्या गाड्या अजून येतात, पण त्यांना परवाना लागतो, रोजची संख्या ठरलेली आहे, आणि बहुतेक जण बर्फात फोटो काढून मनालीलाच परत फिरतात. त्यामुळे खरी शांतता माथ्याच्या पलीकडे आहे.

मनाली साधारण 2050 मीटरवर आणि माथा 3978 मीटरवर, मधे 51 किलोमीटर. आकडा वाचून एका दमात मारता येईल असं वाटतं; तसं करू नये. मनालीत दोन दिवस हिंडावं, मग कोठीला मुक्काम टाकून पहाटे निघावं. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. घाटात आपण उभं राहून दोन जोरदार पॅडल मारतो ना, ती सवय इथे खाली ठेवून यायची. सगळ्यात हलका गिअर, बसून, नाकाने श्वास घेता येईल इतक्याच जोराने. डोकं दुखायला लागलं तर वर जायचं नाही, एवढा नियम पाळला की पुरे.

पहाटेचं दुसरं कारण म्हणजे नाले. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी पोटरीपर्यंत येतं. पाण्याखाली गोटे असतात, त्यावरून सायकल चालवत नेण्यापेक्षा खांद्यावर घेतलेली बरी.

माथा ओलांडला आणि ग्राम्फूकडे उतरायला लागलो, तेव्हा समोरून कितीतरी वेळ एकही गाडी आली नाही. खाली चंद्रा नदी करड्या रंगाची, समोर हिमनद्या, आणि रस्त्यावर मेंढ्या. गद्दी मेंढपाळांचा मोठा कळप होता. त्यांची कुत्री अंगावर येतात, म्हणून लांबूनच सायकलवरून उतरलो, सायकल मधे धरून उभा राहिलो. मेंढपाळाने तोंडाने एक आवाज काढला, कुत्री बसली, त्याने हातानेच ‘चला’ म्हटलं. कळपातून चालत पार व्हायला बराच वेळ लागला, कारण मेंढ्या पॅनिअर, म्हणजे सायकलला लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या, हुंगत होत्या.

ग्राम्फूला रस्ता फुटतो. उजवीकडे बातल आणि कुंझुमवरून स्पितीत, डावीकडे कोकसर. डावीकडे वळून सिस्सूपर्यंत गेलात की बोगद्याचं उत्तरेकडचं तोंड दिसतं आणि तिथे पुन्हा सगळी वर्दळ. उतारावर डांबर आणि खडी यांची पाळी चालू असते. 35 मिलिमीटरपेक्षा बारीक टायर नेऊ नका.

गोटहार्ड, स्वित्झर्लंड

दादा, धागा वाचून लगेच लिहायला बसले. मी मूळची नाशिकची, सध्या झुरिकजवळ राहते. बोगदा शोधा म्हणालात. आमच्या गोटहार्डखाली तर तीन आहेत. 1882 चा रेल्वेचा, 1980 चा 16.9 किलोमीटरचा रस्त्याचा आणि 2016 मध्ये सुरू झालेला 57 किलोमीटरचा नवा रेल्वे बोगदा. शिवाय खिंडीवरून नवा रुंद रस्ता आहे, जे हौसेने वरून जातात त्या गाड्या तो घेतात. या सगळ्यातून जो उरतो तो ट्रेमोला: एकोणिसाव्या शतकातला जुना घाट, ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांनी फरसबंद केलेला.

सायकल घेऊन जुन्या डोंगरी मार्गाच्या रेल्वेने आयरोलो या पायथ्याच्या गावात उतरायचं. तिथून माथा, म्हणजे 2106 मीटर, साधारण 13 किलोमीटर. चढ फार उभा नाही, पण दगडांमुळे वेग धरत नाही. हँडलवर हात ठेवला की फिरत्या जात्यावर ठेवल्यासारखी थरथर मनगटातून खांद्यापर्यंत जाते. टायरमधली हवा नेहमीपेक्षा चांगली कमी केली आणि हात सैल सोडले, तेव्हा जमायला लागलं. वरच्या टप्प्यात वळणांची अशी दाटी आहे की दगडी कठड्यावरून वाकून पाहिलं तर आपण मघाशी ज्या वळणावर घाम पुसला तेच पायाखाली दिसतं. एकूण 24 वळणं. पाऊस पडून गेला असेल तर या रस्त्याने उतरू नका, ओला ग्रॅनाइट फार घसरतो. उतरायला दुसरी, आंडरमाटची बाजू घ्यावी.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की या देशाने जुना रस्ता नुसता सोडून दिला नाही. दगड निखळला तर तसाच दगड पुन्हा बसवतात. देशभरच्या सायकलमार्गांपैकी तीन नंबरचा, बाझेलहून कियासोला जाणारा मार्ग याच खिंडीतून नेला आहे. बर्फामुळे खिंड साधारण जून ते ऑक्टोबरच उघडी असते.

पटनीटॉप, जम्मू

ताई, तुमच्याकडे रस्ता जपलाय हे वाचून बरं वाटलं. मी सातारा जिल्ह्यातला, सैन्यातून निवृत्त. उधमपूरला होतो तेव्हा चेनानी, कुद, पटनीटॉप, बटोत हा रस्ता ताफ्यातून कितीदा केला याची मोजदाद नाही. सफरचंदाच्या हंगामात ट्रकांची रांग डोंगरभर लागायची. 2 एप्रिल 2017 ला चेनानी-नाशरी बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटरच्या वर लांब, आणि तीसेक किलोमीटरचा फेरा वाचला. जवानांच्या आणि आजारी माणसांच्या दृष्टीने हे फार मोठं काम झालं, त्यात शंका नाही.

निवृत्तीनंतर सायकलचा नाद लागला आणि तोच रस्ता परत करायचं मनात घेतलं. उधमपूरहून सकाळी निघालो. कुदच्या अलीकडे देवदार सुरू होतात, रस्त्यावर सावली आणि खाली पडलेल्या सुयांचा थर. त्यावर चाक चालतं तेव्हा आवाजच होत नाही. या रस्त्याला झाडांचा असा वास आहे हे मला नोकरीत कधी कळलं नव्हतं, नाकात डिझेलच असायचं.

कुदची पतीसा ही मिठाई प्रसिद्ध. तुपातली, गरम असताना हातात घेतली की पदर सुटतात. पूर्वी दुकानांपुढे गाड्या लावायला जागा नसे. मी गेलो तेव्हा काही दुकानांना कुलूप होतं. उघड्या दुकानातल्या म्हाताऱ्याने सायकल पाहिली, बसायला खुर्ची दिली, पतीशाबरोबर चहा दिला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणून सांगतो, अशा घाटात जाल तेव्हा पिशवीतली बिस्किटं खाऊ नका. वाटेत जे दुकान उघडं असेल तिथे बसा, विकत घ्या. रस्ता शांत झाला त्याची किंमत या लोकांनी भरली आहे.

आउरलांड, नॉर्वे

बर्गनहून लिहितोय. इथला लार्डाल बोगदा 24.5 किलोमीटरचा, सन 2000 मध्ये सुरू झाला. त्यात सायकलला बंदी आहे, त्यामुळे आम्हाला वरूनच जावं लागतं, आणि वरचा रस्ता म्हणजे ‘हिमरस्ता’. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, पाण्यापासून, अक्षरशः समुद्रसपाटीपासून, 1306 मीटरपर्यंत. सुरुवातीचा चढ अरुंद आणि उभा आहे. स्टेगास्टाइनचा सज्जा पाण्याच्या 650 मीटर वर आहे, तिथपर्यंत पर्यटकांच्या बस येतात, पुढे फारसं कुणी नाही.

मी मुलीबरोबर जूनमध्ये गेलो होतो. माथ्याजवळ रस्ता बर्फ कापून काढलेला, दोन्ही बाजूंना आमच्या डोक्यापेक्षा उंच भिंती, त्यातून पाणी ठिबकत होतं आणि उन्हातसुद्धा बोटं बधिर. वर दुकान नाही, आडोसा नाही. आउरलांडमध्ये असताना खाणं भरून घ्या. उतारासाठी कोरडे हातमोजे वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण चढताना घामाने ओले झालेले मोजे घालून उतरलं तर ब्रेक दाबता येत नाही. लार्डालच्या बाजूचा उतार लांब आहे. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक, असतील तर मधे थांबून रिमला हात लावून पाहा, चटका बसतो इतकी तापते.

कशेडी

उंचीने या यादीत बसत नाही, तरी लिहिते. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेडच्या मधल्या कशेडीला बोगदा झाल्यापासून जुना घाट पुष्कळ मोकळा झालाय. हिमालयात जायच्या आधी मुंबई-पुण्याच्या मंडळींनी भरलेल्या पॅनिअरसह चढाचा सराव इथे करावा. पावसाळ्यात दरडीची चौकशी पोलादपुरातच करून पुढे जा.

सेला आणि झोजिला

अरुणाचलमधला सेला बोगदा 9 मार्च 2024 ला सुरू झाला. तवांगकडे जाणारे ट्रक आणि लष्कराच्या गाड्यांना आता 4170 मीटरचा माथा चढायची गरज राहिली नाही. तलाव बघायला पर्यटक वर येतात, पण दुपारनंतर रस्ता आपला असतो. दिरांगपासून साठेक किलोमीटरचा सलग चढ आहे, सेंगेला थांबून दोन दिवसांत करावा. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, आधी काढून ठेवा.

काश्मीरहून लडाखला नेणाऱ्या झोजिला खिंडीखालचा बोगदा, सुमारे 13 किलोमीटरचा, अजून खणला जातोय. तोपर्यंत तिथे ट्रकांची धूळ खात चढावं लागेल, आणि तरीही पुढच्या उन्हाळ्यात जायचं ठरवलं आहे. सोनमर्गच्या अलीकडचा बोगदा जानेवारी 2025 मध्ये सुरू झाला, त्याच्या वरचा जुना तुकडा सायकलने कुणी केला असेल तर रस्ता उघडा आहे का, आणि झोजिला उतरल्यावर द्रासपर्यंत मुक्कामाला काय मिळतं, तेवढं कृपया लिहा.