‘पीस रेट’ : उक्तं, अंगावर की नगावर?

गंगापूर रोड : तयार कपड्यांच्या कारखान्यांतल्या मजुरीवर एक माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘पीस रेट’ला, म्हणजे जितके नग तितके पैसे या पद्धतीला, एकाने ‘उक्तं काम’ सुचवलं, दुसऱ्याने ‘अंगावरचं काम’, तिसऱ्याने ‘उत्पादनाधारित वेतन’. मशीनवर बसणाऱ्या बाईला वाचताक्षणी कळायला हवं. काय लिहू?

निफाड : उक्तं नको. आमच्याकडे द्राक्षाची छाटणी उक्ती देतात, म्हणजे एकराचा आकडा ठरतो, टोळी येते, बाग उरकली की पैसे. ते आपसांत वाटून घेतात. कोणी किती काड्या छाटल्या ते मालक मोजत नाही.

सिन्नर : बिडीला हजारामागे भाव. वाईट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे बाईच्याच माथी. ‘अंगावर’ म्हणायचं तर ते हेच.

सातपूर : गारमेंटच्या लाइनवर सुपरवायझरकी केली आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ‘नगावर’ लिहा, पण एक गल्लत टाळा. मोठ्या कारखान्यात शिलाईवाली बहुधा पगारावर असते आणि तिच्यावर तासाचं टार्गेट असतं. ती पीस रेटवर नव्हे. शर्ट एकटी कोणी शिवत नाही. एक कॉलर लावते, एक कफ, एक बाही. प्रत्येक कामाला मिनिटं ठरलेली. कफाला अर्धं मिनिट धरलं तर तासाला १२० कफ. लाइन ६० टक्के कार्यक्षमतेने चालते असं धरलं तर ७२. तो आकडा फळ्यावर लागतो आणि दर तासाला त्याच्या शेजारी खरा आकडा. पाणी प्यायला उठलेली बाई फळ्यावर दिसते!

घड्याळ लावून काम मोजायचं हे खूळ फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने रुजवलं. त्याचं पुस्तक १९११चं. त्यात तो अभिमानाने सांगतो : लोखंडाच्या लगडी वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टनांवरून ४७ टनांवर आणला, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. काम पावणेचारपट, पैसे दीडपटीच्या थोडे वर. टेलर निदान वाढीव कामाचे वाढीव पैसे देत होता. आपल्याकडच्या लाइनवर घड्याळ तेवढं आलं. आणि ‘टार्गेट’ला मराठी शब्द शोधत बसू नका, बायका टार्गेटच म्हणतात.

मालेगाव : यंत्रमागावर मजुरी कापडाच्या मापावर. लाइट गेली की कारागीर मागापाशी बसून, कमाई शून्य. नगावरच्या कामाचं खरं दुखणं हे. माल अडला तर तोटा कोणाचा?

सातपूर : बरोबर. म्हणूनच कायद्याने खाली एक पट्टी मारली आहे. नगाचा किमान दर सरकारने ठरवला नसेल तर नगावरच्या माणसालाही वेळेच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. १९४८च्या किमान वेतन कायद्यात हे होतं, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. पत्रकात हे ठळक छापा, शब्द कुठलाही घ्या.

गंगापूर रोड : मग ‘नगावर मजुरी’ पक्कं. घरी बसून साड्यांना फॉल लावणाऱ्या बायकांनाही हाच शब्द चालेल?

सिन्नर : दर सांगताना ‘साडीमागे इतके’ लिहा. ‘नगावर’ माणूस असतो, भाव ‘नगामागे’. आणि त्या बायकांना रिळाचे पैसे कोण देतं तेही विचारा, बऱ्याचदा त्यांच्याच पदरचे जातात.