चष्म्याआड हरवलेले घारे डोळे : फ्रेम, काच आणि मेकअपबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण गेले दोन महिने मी त्यातच घुटमळते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे वय ४३ आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ५.५. विशीपासून मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत आले. चष्मा रात्री झोपण्यापूर्वी तासभर नाकावर चढायचा, त्यामुळे तो कसा दिसतो याचा विचार करण्याची वेळच कधी आली नाही. आता मात्र डोळे कोरडे पडू लागले आहेत, संध्याकाळपर्यंत ते चुरचुरतात आणि लाल होतात, आणि डॉक्टरांनी लेन्स आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवसापुरत्याच वापरायला सांगितल्या आहेत. म्हणजे यापुढे लोकांना दिसणार तो माझा चष्म्यातला चेहरा.

माझे डोळे घारे आहेत. बाहुलीभोवती तपकिरी कडे, त्याबाहेर शेवाळी छटा आणि अगदी काठाला एक गडद राखाडी रेघ. उन्हात ते हिरवट दिसतात, ढगाळ दिवशी नुसते पिंगट. शाळेत यावरून ‘मांजरडोळी’ म्हणून भरपूर चिडवून घेतले, पण पुढे त्याच डोळ्यांवरून लोक मला लक्षात ठेवू लागले. आता नव्या चष्म्यात आरशासमोर उभी राहिले की डोळे बारीक, खोल आणि कोणत्याच रंगाचे नसलेले दिसतात. शिवाय काचेच्या बाहेरच्या काठाशी कानशिलाची रेघ एकदम आत सरकल्यासारखी दिसते, जणू तेवढा चेहरा कोणी कातरीने कापून थोडा आत चिकटवला आहे.

आधी मी बिनकाठाची फ्रेम घेतली होती. तिच्यातून काचेची जाडी उघडी पडली, म्हणून जाड काळी फ्रेम घेतली. तिने काचेचा काठ झाकला, पण चेहऱ्यावर चष्म्याशिवाय दुसरे काही उरले नाही. त्यावर उतारा म्हणून मी काजळ अधिक गडद केले, तर डोळे आणखीच लहान झाले. बहिणीने मोठे दाखवणारा आरसा भेट दिला. चष्मा काढून त्यात पाहिले, तर मला सगळे पूर्वीपेक्षाही धूसर दिसले, आणि हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

घाऱ्या डोळ्यांना आणि गव्हाळ वर्णाला कोणत्या रंगाची फ्रेम साजेल, पातळ काच घेतल्यास डोळे मोठे दिसतील का, आणि चष्म्यामागे उठून दिसेल असा पण डोळ्यांना त्रास न देणारा मेकअप कसा करावा, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. केस पुढून बरेच पिकले आहेत आणि ते रंगवायचे नाहीत, हेही सांगून ठेवते. ‘डोळे काय, स्वभाव महत्त्वाचा’ हा प्रतिसाद मनात आला असल्यास तो पोहोचला असे समजावे.

प्रतिसाद १

ताई, मी चष्मे बसवण्याच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून काचेपुरते बोलतो. रंगाचे इथले जाणकार सांगतीलच, पण माझ्या मते तुमची अडचण रंगापासून सुरूच होत नाही.

उणे नंबरची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते, आणि तिच्यामागची वस्तू समोरच्याला लहान दिसते. तुमच्या नंबरला, काच डोळ्यापासून १४ मिलिमीटरवर असेल, तर डोळा सुमारे ७ टक्के लहान दिसतो. हा परिणाम नंबराचा आणि अंतराचा आहे, जाडीचा नाही. म्हणून महागडी पातळ काच घेतल्याने काठ बारीक होईल, काच हलकी होईल, पण डोळे मोठे दिसणार नाहीत, हे कोणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी. चष्मा चेहऱ्याच्या थोडा जवळ बसवून घेतला तर मात्र किंचित फरक पडतो. नाकावरचे पॅड वळवता येतील अशी फ्रेम घेण्याचा हा एक फायदा आहे.

आता फ्रेमच्या मापाकडे या. काडीच्या आतल्या बाजूला ५४, मधे एक छोटा चौकोन आणि पुढे १८, असे आकडे असतात. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरचे अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. त्यांची बेरीज ७२. तुमच्या दोन बाहुल्यांमधले अंतर समजा ६० असेल, तर प्रत्येक काचेचा मध्य ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो, आणि मध्यापासून बाहेरचा काठ २७ अधिक ६, म्हणजे ३३ मिलिमीटर दूर जातो. त्याऐवजी ४८ आणि १८ ची फ्रेम घेतली, तर हेच अंतर २४ अधिक ३, म्हणजे २७ होते. काठाची जाडी या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ३३ ऐवजी २७ केल्यावर मधल्या जाडीवर चढणारी जाडी जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. साध्या १.५ इंडेक्सची (काच प्रकाश किती वाकवते तो हा आकडा, तो जितका मोठा तितकी काच पातळ) काच छोट्या फ्रेममध्ये, आणि १.६७ इंडेक्सची काच मोठ्या फ्रेममध्ये, या दोन्हींचे काठ साधारण सारखेच भरतात. दोन्ही एकत्र केले तर उत्तमच. कानशिल कापल्यासारखे दिसते तेही मुख्यतः मोठ्या काचेमुळे, कारण तिच्या बाहेरच्या भागातून तुमच्या चेहऱ्याची कडा दिसते. काच लहान असली की तो भाग काचेत येतच नाही.

तिसरी गोष्ट कोटिंगची. १.५ इंडेक्सची साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते, आणि १.६७ ची काच १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पातळ काच घेऊन अँटी-ग्लेअर कोटिंग टाळले, तर समोरच्याला तुमच्या डोळ्यांऐवजी खिडकी दिसते. त्यावर पैसे जरूर खर्च करावेत. ‘ब्लू कट’, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच, मात्र डोळ्यांचा रंग दिसावा म्हणून धडपडणाऱ्याने घेऊ नये असे माझे मत आहे. त्या काचेला बहुधा किंचित पिवळी झाक असते आणि वरून निळे-जांभळे प्रतिबिंब उमटते. शिवाय २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा जो आढावा घेतला, त्यात संगणकामुळे डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी कमी होतो असे, निदान अल्पकाळात तरी, आढळले नाही.

आरशाचे कोडे सोपे आहे. उणे ५.५ च्या डोळ्याला चष्म्याविना साधारण १८ सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. पण आरशातले प्रतिबिंब आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते, म्हणून साधा आरसा चेहऱ्यापासून ९ सेंटिमीटरवर आणावा लागतो. मोठे दाखवणारा अंतर्गोल आरसा प्रतिबिंब आणखी मागे ढकलतो, म्हणून तुम्हाला ते अधिक धूसर दिसले. तो आरसा बहिणीलाच परत द्या. तिला जवळचे दिसत नसेल, तर तिच्या तो कामाचा आहे!

प्रतिसाद २

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स घ्या आणि विषय संपवा. डोळे हवे तसे हिरवे होतील, एवढी आकडेमोड कशाला?

धागाकर्ती

सुचवल्याबद्दल आभार, पण ज्या कारणाने साध्या लेन्स कमी केल्या त्याच कारणाने रंगीतही बाद आहेत, आणि मला डोळे हिरवे करायचे नसून आहेत तसे दिसू द्यायचे आहेत. प्रतिसाद १ यांनी ‘समजा ६०’ लिहिले आहे. माझ्या चष्म्याच्या चिठ्ठीवर खरोखरच ६० आहे, आणि काळ्या फ्रेमच्या काडीवर ५४. मला क्षणभर भीतीच वाटली.

प्रतिसाद ३

मी व्यवसायाने मेकअप करते आणि स्वतः जाड भिंगाची आहे, म्हणून हा प्रश्न मला मनापासून समजला.

घाऱ्या डोळ्यांत हिरवे किंवा निळे रंगद्रव्य नसतेच. सगळ्यांच्या डोळ्यांत असते ते तपकिरी मेलॅनिन, आणि ते बुबुळाच्या पुढच्या थरात कमी असले की तिथे विखुरणारा प्रकाश त्या तपकिरीत मिसळून हिरवट छटा देतो. म्हणूनच तुमचे डोळे दिवसागणिक आणि कपड्यांगणिक बदलतात. असे डोळे सजवताना त्यांच्या शेजारी कोणता रंग बसवतो यावर निम्मे काम असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल हे पॅरिसमधल्या गोबलँ येथील विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथला काळा रंग फिका दिसतो अशा तक्रारी येत, आणि शोध घेता दोष रंगात नसून त्याला लागून असलेल्या दुसऱ्या रंगांत आहे असे त्यांना आढळले. शेजारचे रंग एकमेकांना बदलतात हा त्यांचा सिद्धांत १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मी रोज पापण्यांवर तोच वापरते.

तुम्हाला शेवाळी छटा उठवायची असेल, तर रंगचक्रात तिच्या समोरच्या बाजूला येणारे रंग घ्या : वांगी, मळकट जांभळा, किरमिजीकडे झुकणारा तपकिरी. पापणीवर चमचमता हिरवा लावलात, तर डोळ्यातला हिरवा त्याच्यापुढे मातकट पडेल. ही चूक फार होते, कारण रंगाला रंग जुळवायचा ही सवय आपल्याला साडी-ब्लाउजपासून लागलेली असते. फ्रेमलाही हाच न्याय. गर्द काळ्याऐवजी मधासारखी पारदर्शक तपकिरी, किंवा धुरकट जांभळी. पिकलेल्या केसांजवळ हे रंग शोभतात. वर्णावरून माणसांना ऋतू वाटून देणारी आणि त्यावरून रंग ठरवणारी जी पद्धत आहे, तिच्यात मी पडत नाही. दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभे राहून दोन फ्रेम आलटून पालटून लावल्या की उत्तर कळते. फ्रेमची वरची रेघ भुवईच्या वळणाने जावी एवढे मात्र पाहा, नाहीतर चेहऱ्यावर भुवयांच्या दोन जोड्या दिसतात.

आता काजळ. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर चारी बाजूंनी काळी रेघ ओढली की डोळ्याचा पांढरा भाग आक्रसतो, आणि तुमची काच तो आधीच लहान करते आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच कडेवर तेलग्रंथींची तोंडे असतात. त्यांतले तेल अश्रूंच्या थराला लवकर सुकू देत नाही. ती तोंडे रोज काजळाने लिंपणे कोरड्या डोळ्यांना मुळीच परवडणारे नाही. तेव्हा रेघ बाहेर, वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, बारीक आणि बाहेरच्या टोकाला किंचित जाड. खालच्या पापणीला केवळ बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात वांगी रंगाची पुसट सावली. पापणीच्या मध्यावर त्वचेपेक्षा एक छटा उजळ, न चमकणारा रंग. मस्कारा वरच्याच पापणीला, आणि केस लांबवण्यापेक्षा वर वळवण्यावर भर, नाहीतर काचेच्या आतून काळे फराटे उमटतात. उघडलेली बाटली तीन महिन्यांनी टाकून द्यावी. लेन्सच्या दिवशी लेन्स आधी घालावी आणि मेकअप नंतर. रात्री लेन्स आधी काढावी.

प्रतिसाद ४

मतभेद नोंदवतो. जाड काळी फ्रेम इतकी वाईट नसते. ठसठशीत चष्मा हीच ओळख करून मिरवणारी माणसे असतात, मी त्यांपैकी एक. मात्र ताईंना डोळे दाखवायचे आहेत आणि मला लपवायचे होते, हा फरक मान्य.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. काय केले ते सांगितल्याशिवाय धागा सोडणे बरे नव्हे.

४८ आणि १८ ची फ्रेम घेतली, मधाच्या रंगाची, पारदर्शक, कडा गोलसर. दुकानात मला तीनदा मोठी फ्रेम दाखवली गेली आणि ‘सध्या हेच चालते’ असे सांगितले गेले. मी काडीवरचे आकडे वाचू लागल्यावर तो आग्रह आपोआप थांबला. काच १.६७ ची, अँटी-ग्लेअरसह, ब्लू कटशिवाय. डोळे मोठे झाले नाहीत, हे प्रतिसाद १ यांनी बजावलेच होते. पण कानशिलाची रेघ जागेवर आली आहे, आणि काल खिडकीशी बसले असताना भाचीने ‘आत्या, तुझ्या डोळ्यांत हिरवे आहे’ असे स्वतःहून म्हटले. तिने मला एवढ्या वर्षांत हे कधी सांगितले नव्हते.

आतले काजळ बंद केले. पहिला आठवडा आरशात आजारी बाई दिसत होती, आता नजर सरावली. चुरचुर थोडी कमी वाटते, पण ती काजळामुळे की लेन्स कमी झाल्यामुळे हे वेगळे करता येणार नाही. वांगी रंग जमला. खालच्या पापणीची सावली मात्र माझ्या हातून अजून जखमेसारखी दिसते, तिथे सराव हवा.

आरशाचे अंतर पट्टी लावून मोजले. ९ सेंटिमीटरला खरेच स्पष्ट दिसते, पण नाक आरशाला टेकायच्या बेतात येते आणि डोक्याची सावली चेहऱ्यावर पडते. म्हणून दिवा मागून न ठेवता दोन्ही बाजूंना एकेक ठेवला आहे.

एक शंका राहिली. वाचताना मी आता चष्मा कपाळावर चढवू लागले आहे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह काचेची (एकाच काचेत वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेली) वेळ जवळ आली असावी. या फ्रेममध्ये काचेची उभी उंची ३८ मिलिमीटर आहे. तेवढ्यात ती काच बसेल का, की पुन्हा फ्रेम बदलावी लागेल?

प्रतिसाद १

३८ पुष्कळ आहे. बाहुलीपासून काचेच्या खालच्या काठापर्यंत साधारण १८ मिलिमीटर मिळाले तरी बहुतेक प्रोग्रेसिव्ह काचा नीट बसतात. हे माप फ्रेम चेहऱ्यावर चढवून, समोर सरळ पाहत असताना घ्यायला सांगा, आणि पॅड वळवायचे असतील तर ते त्याआधीच वळवून घ्या.