मुस्कटदाबी, गळचेपी, देशद्रोह: वादात सरमिसळ होणारे शब्द

प्रश्न: एखाद्या नेत्याच्या वागण्याबद्दल बातमी छापली म्हणून पत्रकारावर गुन्हा दाखल होतो. विरोधक म्हणतात, 'मुस्कटदाबी चालली आहे.' समर्थक लगेच उलटून विचारतात, 'तुमच्या राजवटीत झाली ती गळचेपी विसरलात का?' हे दोन शब्द समानार्थी आहेत की त्यांत काही फरक आहे?

उत्तर: फरक आहे, आणि तो जपायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मुस्कट म्हणजे तोंड, जबड्याचा भाग. मुस्कटात मारतात ते तेच. बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला गप्प करणं ही मुस्कटदाबी. काय बोलायचं नाही हे इथे दुसरा कोणीतरी ठरवतो. गळचेपीत बोलण्याला थेट हात लावलेला नसतो. गळा चेपला जातो, श्वास अडतो, आणि जगणंच कठीण झालं की बोलणं आपोआप थांबतं.

वर्तमानपत्रांच्या इतिहासात दोन्हींची चोख उदाहरणं सापडतात. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि तिच्याबरोबर सेन्सॉरही. छापण्याआधी मजकूर अधिकाऱ्याला दाखवायचा, तो खोडेल ते गाळायचं. २८ जूनच्या अंकात 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ही निखळ मुस्कटदाबी.

आता 'सकाळ'चा खटला पाहा. वर्तमानपत्राची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा १९५६ साली झाला आणि १९६० साली त्याखाली आदेश निघाला. अमुक किमतीला अमुकच पानं द्यायची, पुरवण्यांवरही बंधन. एका ओळीलाही कात्री लावलेली नव्हती. पण पानं तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा आणि वाचक गमवा. किंमत तीच ठेवायची तर पानं कमी करा, म्हणजे मजकूरही कमी. पुण्याचं 'सकाळ' याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जिंकलं. किती लोकांपर्यंत पोहोचायचं हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. याला मी गळचेपी म्हणेन. कागद, जाहिराती, कर, परवाने या वाटेने येते ती गळचेपी, आणि ती ओळखायला वेळ लागतो. म्हणूनच तिला वेगळा शब्द हवा.

जाता जाता: 'मुसक्या आवळल्या' हा प्रयोग यात मिसळू नये. मुसक्या बांधणे म्हणजे हात पाठीमागे बांधणे. पत्रकाराला अटक झाली, तर त्याच्या मुसक्या आवळल्या असं म्हणता येईल. त्याची बातमी अडवली तर नाही.

प्रश्न: पण नेत्याचे कार्यकर्ते जमावाने येऊन कचेरी फोडतात, घरच्यांना धमक्या देतात, तेव्हा सरकारचा कुठेच हात दिसत नाही. मग ती मुस्कटदाबी नव्हे का?

उत्तर: मुस्कट दाबणारा सरकारच असला पाहिजे, असं या शब्दात कुठेही नाही. त्यामुळे प्रयोग चुकीचा नाही. तरीही मी तिथे 'झुंडशाही' किंवा 'धाकदपटशा' लिहीन. 'मुस्कटदाबी झाली' या वाक्यात कर्ता सहज गाळता येतो. 'झुंडशाही' म्हटलं की झुंड कोणाची, हा प्रश्न पुढे येतोच. पक्षीय भांडणात सगळ्यांत आधी गायब होतो तो कर्ता. कोणी केलं, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या आदेशाने, हे विचारलं की दोन्ही बाजूंची वाक्यं अडखळतात. 'अघोषित आणीबाणी'चंही तेच. मनःस्थिती सांगायला ते शब्द चालतील, पण १९७५ची आणीबाणी राज्यघटनेच्या ३५२व्या कलमाखाली रीतसर घोषित केलेली होती. आजच्या एखाद्या कारवाईबद्दल बोलताना कारवाईचंच नाव घ्यावं. तसं केल्याने टीकेची धार वाढते.

प्रश्न: नेत्यावर टीका केली की 'देशद्रोही' म्हणतात. कायद्यातला शब्द 'राजद्रोह' होता ना?

उत्तर: होय. भारतीय दंडविधानाचं १२४अ कलम राजद्रोहाचं, म्हणजे कायद्याने स्थापन झालेल्या सरकारविषयी अप्रीती पसरवण्याचं. राज्य करणारे आणि देश यांत या शब्दाने अंतर ठेवलं होतं. 'देशद्रोह' म्हटलं की ते अंतर पुसलं जातं आणि नेता म्हणजेच देश होऊन बसतो. मला हा बदल सर्वांत घातक वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये या कलमाचा वापर स्थगित ठेवला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. १५२व्या कलमात देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांची भाषा आहे. त्यामुळे आता पत्रकाराच्या बाजूने बोलणाऱ्यालाही शब्द जास्त जपून वापरावे लागतील.

'बदनामी' याहून वेगळी. टिळकांचेच खटले घ्या. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या वर्तनावर 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिलं. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं ती खोटी निघाली. टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघे १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. खटला अब्रुनुकसानीचा होता. एका माणसाने आपल्या अब्रूसाठी मागितलेली दाद होती ती. १८९७ आणि १९०८चे खटले मात्र राजद्रोहाचे. तिथे फिर्याद सरकारची, आणि १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडाले. संपादक एकच, लेखणी तीच. तरी पहिल्या खटल्याला मुस्कटदाबी म्हणणं मला पटत नाही आणि नंतरच्या दोन्हींना म्हणताना कचरायचं कारण दिसत नाही. आज एखादा नेता बदनामीचा दावा लावतो, तेव्हाही आधी हे पाहावं: बातमीला आधार आहे का, आणि दावा अब्रूसाठी आहे की पत्रकाराला वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा मारायला लावण्यासाठी. दुसरा प्रकार असेल तर 'बदनामीचा दावा' हे फक्त नाव, काम गळचेपीचं.

प्रश्न: 'विकाऊ पत्रकार' या शिवीला सभ्य पर्याय आहे का?

उत्तर: पुरावा असेल तर 'विकाऊ' म्हणा, नसेल तर तो आरोप करू नका. बऱ्याच वेळा नेमका शब्द 'मिंधा' असतो. मिंधा माणूस पैसे घेऊन खोटं लिहीत नाही. उपकाराखाली दबलेला असल्याने खरं लिहायचं टाळतो. सरकारी जाहिरातींवर चालणाऱ्या पत्राची अवस्था या शब्दाइतकी नेमकी दुसऱ्या कुठल्या शब्दात उतरत नाही. २०२२ नंतर एका आडनावाशी यमक जुळतं म्हणून हा शब्द पक्षीय टोमण्यात अडकला. आता कोणी तो साध्या अर्थाने वापरला तरी 'कोणत्या गटाचे?' असं विचारतात. तरीही वापरावा. आणि 'मुखपत्र' ही शिवी समजू नये: जे पत्र आपला पक्ष उघड सांगतं, ते मुखपत्र. वाचकाची फसवणूक पक्ष लपवणाऱ्या पत्राकडून होते.